फायनल फँटसी २

जपानच्या स्क्वेअर कंपनीचा व्हिडिओ गेम. प्रकार रोल-प्लेइंग गेम (आरपीजी). निन्टेन्डोच्या फॅमिकॉम संचासाठी १७ डिसेंबर १९८८ रोजी प्रसिद्ध. दिग्दर्शन हिरोनोबू साकागुची, नियमांची रचना आकितोशी कावाझू, कथा केंजी तेरादा, पात्रचित्रे योशिताका आमानो, संगीत नोबुओ उएमात्सु आणि प्रोग्रॅमिंग नासिर गेबेली यांचे. या मालिकेतल्या सर्वांत वादग्रस्त भागांपैकी हा एक मानला जातो. वादाचे कारण कथा नसून पात्रांची वाढ करण्याची त्याची पद्धत आहे.

१९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून या प्रकारात एक रीत रूढ होती. शत्रू मारला की अनुभवगुण मिळतात, ते साठले की लेव्हल वाढते आणि पात्राचे सगळे गुण एकदम वर चढतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि पहिला ‘फायनल फँटसी’ (१९८७) याच वाटेने गेले. दुसऱ्या भागाने अनुभवगुण आणि लेव्हल दोन्ही काढून टाकले. इथे जे केले तेच वाढते. तलवार चालवणाऱ्याची तलवार सुधारते. मंत्र म्हणणाऱ्याचा तोच मंत्र बळावतो. शस्त्रांचे आठ वर्ग आहेत (ढाल आणि नुसते हात हेही त्यांत येतात) आणि प्रत्येक शस्त्रवर्ग व प्रत्येक मंत्र १ ते १६ पायऱ्या चढतो. लढाईत बराच मार खाल्ला तर एचपीची (जीवशक्तीची) मर्यादा वाढते. मंत्रांवर एमपी (मंत्रशक्ती) खर्च झाला तर एमपीची. शत्रू दुबळा असेल तर कौशल्य फारसे पुढे सरकत नाही, त्यामुळे सोप्या रानात वेळ काढून भागत नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी यत्नाला दैवाच्या वर ठेवले. टाकळीच्या वास्तव्यात ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, अशी परंपरा सांगते. शरीर ज्या कामाला जुंपावे त्या कामाचे होते, हाच विचार कावाझूंच्या नियमांच्या मुळाशी आहे.

मूळ आवृत्तीत मात्र हा विचार हिशेबात बिघडला. बळ वाढले की बुद्धी उतरण्याची शक्यता असे, म्हणजे मेहनतीला शिक्षा होई. मार खाण्याला बक्षीस असल्याने खेळाडू आपल्याच सोबत्यांवर वार करून एचपी वाढवू लागले. हुकूम निवडून लगेच रद्द केला तरी तो वापर म्हणून मोजला जाई. या चुकीमुळे शत्रूला हात न लावता शस्त्रविद्या वाढवता येत असे. चिलखतांचा प्रश्न याहून खोल आहे. जड चिलखताने वार चुकवण्याची क्षमता घटते आणि पुढच्या टप्प्यात तीच क्षमता जीव वाचवते. खेळ हे कुठेही नीट सांगत नाही. नवखा खेळाडू साहजिकच सर्वांत महाग चिलखत विकत घेतो आणि फसतो.

कथेने त्या काळाच्या मानाने मोठी झेप घेतली. पहिल्या भागातले चार वीर निनावी होते. इथे फिरिऑन, मारिया, गाय आणि लिऑन ही पालामेसिया साम्राज्याच्या हल्ल्यात घरदार गमावलेली तरुण मुले आहेत. पहिलीच लढाई हरण्यासाठी रचलेली आहे. राजकन्या हिल्डाच्या बंडखोरांत शिरल्यावर संवादातून मिळालेले शब्द लक्षात ठेवायचे आणि योग्य माणसासमोर उच्चारायचे असतात. ‘जंगली गुलाब’ हा बंडखोरांचा सांकेतिक शब्द त्यांतला पहिला. लिऑन दुरावल्याने मोकळ्या झालेल्या चौथ्या जागेवर वेगवेगळे सोबती येतात, लढतात आणि त्यांतले काही कायमचे जातात. मिन्वू हा पांढऱ्या जादूचा जाणकार ‘अल्टिमा’ मंत्राची मोहोर उघडताना प्राण देतो. फॅमिकॉमवर एका त्रुटीमुळे हा मंत्र अगदीच दुबळा निघाला आणि एवढ्या मोठ्या त्यागाची किंमत पडद्यावर उतरली नाही. पुढील आवृत्त्यांत मंत्राचे बळ तो म्हणणाऱ्याने कमावलेल्या एकूण कौशल्यांशी नीट जोडले गेले. कथा आणि नियम यांचा असा मेळ या खेळात दुसरीकडे क्वचितच दिसतो. चोकोबो हा स्वारीचा पक्षी आणि सिड हे विमानवाल्याचे नाव, मालिकेच्या या दोन्ही कायमच्या खुणा याच भागात प्रथम आल्या.

लेव्हलशिवाय पात्रे वाढवण्याची कल्पना कावाझूंनी सोडली नाही. गेम बॉयवरील ‘माकाई तोशी सागा’त (१९८९) माणसे विकतच्या औषधांनी वाढतात आणि राक्षस मांस खाऊन रूप बदलतात. पुढची बहुतेक ‘सागा’ मालिका याच पायावर उभी आहे.

निन्टेन्डोच्या अमेरिकी संचासाठी इंग्रजी आवृत्ती जाहीर होऊन रद्द झाली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ नावाने आलेल्या फॅमिकॉमच्या नकला आणि त्यांच्या कॅसेटी जालन्यासारख्या शहरांतल्या मुलांनाही परिचयाच्या होत्या. पण हा खेळ अधिकृत इंग्रजीत पहिल्यांदा मिळाला तो २००३ साली, प्लेस्टेशनवर. २००४च्या गेम बॉय ॲडव्हान्स आवृत्तीने गुणांची घट काढून टाकली आणि मृत सोबत्यांची स्वतंत्र उपकथा जोडली. २०२१ची ‘पिक्सेल रीमास्टर’ आवृत्ती संगणकावर आणि मोबाइलवर चालते. २०२३ साली ती प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर आली, तेव्हा वाढीचा वेग कमीजास्त करण्याची सोयही मिळाली.

आज हा खेळ पुन्हा हाती घेणाऱ्याने पिक्सेल रीमास्टरच निवडावा. सोबत्यांवर वार करण्याची गरज त्यात उरत नाही. प्रत्येक पात्राला सुरुवातीपासून एक शस्त्र, एक ढाल आणि मोजके मंत्र द्यावेत, आणि चिलखत हलके ठेवावे. मराठी भाषेचा पर्याय त्यात नाही. इंग्रजीसारख्या दुसऱ्या भाषेत खेळावे लागते.