बँजो वाजवताना सूर का चुकतो? दोन्ही हातांचा मेळ असा बसवा

वरात असो की गणपतीची मिरवणूक, बँजो सुरू झाला की लांबूनच कळतं. पण आपण ज्याला बँजो म्हणतो, तो अमेरिकन बँजो नाही. हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'ताइशोगोतो' तयार केलं, तेच भारतात येऊन बुलबुल तरंग झालं. पुढे त्याला स्पीकर जोडला गेला आणि महाराष्ट्रात बँजो पार्ट्या गाजू लागल्या. रवी जाधव यांच्या 'बँजो' (२०१६) या हिंदी सिनेमात लातूरच्या रितेश देशमुखने असाच वादक साकारला होता.

चूक नेमकी कुठे होते?

गिटारच्या टॅपिंगमध्ये दोन्ही हातांची बोटं थेट तारेवर पडतात. बँजोत डावा हात बटणं दाबतो आणि उजवा हात पिकने तार छेडतो. बटण बरोबर असूनही सूर चुकतो, कारण दोन्ही हातांची वेळ जुळत नाही.

• पिक आधी पडली, तर मागचाच सूर किंवा मोकळी तार वाजते.
• बटण अर्धवट दाबलं, तर तार खरखरते.
• बोट लवकर उचललं, तर सूर तुटतो.

सराव कसा करायचा?

१. आधी तारा सुरात लावा. तार उतरलेली असेल, तर हाताची चूक ओळखताच येत नाही.

२. मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. एका ठोक्याला एकच सूर. सारेगम सलग पाच वेळा बिनचूक आलं, तरच ६५ वर जा.

३. सूर चढवताना पुढचं बटण दाबेपर्यंत मागचं बोट उचलू नका. मधे मोकळी तार वाजणार नाही.

४. सा-प, सा-वरचा सा अशा उड्या वेगळ्या घोटा. आधी बघून, मग न बघता.

५. रोज एक मिनिट रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने ऐका. कोणता हात पुढे पळतोय, ते लगेच कळतं.

शिरूर अनंतपाळसारख्या गावात जवळ शिकवणारं कुणी नसेल, तर हे रेकॉर्डिंगच तुमची चूक दाखवेल. मिरवणुकीत ढोल-ताशा वेग वाढवतो आणि स्पीकर छोटी चूकही मोठी करतो. त्यामुळे घाई सरावात नको. मनगट दुखलं, तर लगेच थांबा.