फ्रेंच येतं, पण किती? भाषेच्या दाखल्याचा इतिहास

आज आपण एका कागदाचा इतिहास बघणार आहोत. ‘या व्यक्तीला फ्रेंच येतं आणि इतकं येतं’ असं सांगणारा हा कागद. पुण्यामुंबईत फ्रेंच शिकणाऱ्या मुलामुलींना तो चांगला ठाऊक आहे. कुणाला फ्रान्समध्ये शिकायचं असतं, कुणाला कॅनडात स्थायिक व्हायचं असतं. वर्गात बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, बी-२ व्हायला किती महिने लागतील?

आपण मराठीत म्हणतो, ‘मला फ्रेंच येतं.’ ‘माझ्याकडे फ्रेंच आहे’ असं म्हणत नाही. भाषा येते. ती कमीजास्त येते, बोलायला येते पण लिहायला येत नाही, आणि वापर सुटला की जातेसुद्धा. अशा येत्याजात्या गोष्टीवर शिक्का मारायचा, हे कधी आणि कशासाठी सुरू झालं, हा आजचा प्रश्न.

सुरुवात खुद्द फ्रान्सपासून करू. १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने व्हिलेर-कोत्रे इथे एक फर्मान काढलं. न्यायालयाचं कामकाज आणि दस्तऐवज यापुढे लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये लिहायचे. पण राजाची भाषा ही प्रजेची भाषा नव्हती. पश्चिमेला ब्रेतॉन, दक्षिणेला ऑक्सितान, नैर्ऋत्येच्या डोंगरात बास्क, जर्मनीच्या बाजूला अल्साशियन. पुढे अडीचशे वर्षांनी क्रांती झाली, आणि आबे ग्रेग्वार या धर्मगुरू लोकप्रतिनिधीने देशभर प्रश्नावली पाठवून भाषेची पाहणी केली. १७९४ मध्ये त्याने अहवाल मांडला. देशाची लोकसंख्या साधारण पावणेतीन कोटींच्या पुढे. त्यातल्या निदान ६० लाखांना फ्रेंच अजिबात येत नाही, तितक्याच लोकांना सलग संभाषण करता येत नाही, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांपेक्षा जास्त नाहीत. शुद्ध लिहिणारे तर त्याहून कमी.

हे आकडे अंदाजाचेच होते. तरीही त्यांचा अर्थ लक्षात घ्या. आजची बी-२ची लेखी परीक्षा त्या दिवशी घेतली असती, तर बहुसंख्य फ्रेंच नागरिक नापास झाले असते. पण त्यांचं नागरिकत्व कुणी अडवलं नाही. ते आधी नागरिक होते, भाषा त्यांच्याकडे नंतर आली. १८८१-८२ मध्ये ज्यूल फेरीच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि शाळा गावोगावी फ्रेंच घेऊन गेली. हे काम प्रेमळपणे झालं असं मात्र नाही. ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत मुलगा ब्रेतॉन बोलताना सापडला, की त्याच्या गळ्यात एखादी खूण अडकवत. ती उतरवायची तर त्याने दुसऱ्या ब्रेतॉन बोलणाऱ्याला पकडून द्यायचं. आपल्यापैकी ज्यांनी इंग्रजी शाळेत मराठी बोलल्याचा दंड भरला असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास, १८८३ मध्ये, पॅरिसमध्ये आलियांस फ्रान्सेज ही संस्था निघाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत लुई पाश्चर होते, कादंबरीकार ज्यूल व्हर्न होते, सुएझ कालव्याचे द लेसेप्स होते. वसाहतींत आणि परदेशांत फ्रेंचचा प्रसार करायचा, हा तिचा उद्देश. त्यामागे १८७०-७१ च्या युद्धातला पराभव होता, साम्राज्य होतं, व्यापार होता. पाँडिचेरीत १८८९ साली तिची शाखा निघाली, मुंबईत १९३८ मध्ये. या काळात परदेशी माणसाने फ्रेंच शिकणं हा फ्रान्सचा मान होता. शिकणाऱ्याला मिळणारं प्रमाणपत्र म्हणजे कौतुकाची थाप होती. दारावरचा पहारेकरी ते कागद तपासत नव्हता.

पहारेकऱ्याचा प्रश्न येतो तो नागरिकत्वाच्या कायद्यात. १९४५ च्या फ्रेंच नागरिकत्व संहितेने म्हटलं, की ज्याला नागरिक व्हायचं आहे तो फ्रेंच समाजात मिसळलेला असावा, आणि त्याला त्याच्या परिस्थितीच्या मानाने पुरेसं फ्रेंच यावं. यातले ‘परिस्थितीच्या मानाने’ हे शब्द आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. खाणीत काम करणाऱ्या पोलिश मजुराला एवढं फ्रेंच पुरे, डॉक्टरला तेवढं पुरणार नाही. हे ठरवायचं कुणी? जिल्हा प्रशासनाच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याने, समोर बसवून, बोलून. पुढच्या दशकांत अल्जीरिया, मोरोक्को, पोर्तुगालमधून लाखो माणसं फ्रान्सच्या मोटार कारखान्यांत आणि बांधकामांवर आली. देशाला हात हवे होते. हातांना व्याकरण कुणी विचारलं नाही.

आता भाषेची शिडी कुठून आली ते पाहू. १९७० च्या दशकात युरोप परिषदेच्या भाषातज्ज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. परक्या देशात जाऊन रोजचे व्यवहार करायचे तर किमान काय काय जमायला हवं? १९७६ मध्ये फ्रेंचसाठी त्याचं उत्तर प्रसिद्ध झालं. त्याला त्यांनी उंबरठ्याची पातळी म्हटलं. १९८५ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने परदेशी लोकांसाठी डेल्फ आणि डाल्फ या परीक्षा सुरू केल्या. २००१ मध्ये युरोप परिषदेने ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची सामाईक चौकट छापली, आणि २००५ मध्ये डेल्फ-डाल्फ त्या पायऱ्यांवर बसवल्या गेल्या.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला या चौकटीत एक ओळखीची गोष्ट दिसते. गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत भेद केला होता. पोहण्याचे नियम पाठ असणारा बुडू शकतो. ही चौकटही तेच मानते. तुम्हाला क्रियापदाची रूपं किती पाठ आहेत, हा तिचा मूळ प्रश्न नाही. घर भाड्याने घेता येतं का, तक्रार लिहिता येते का, वादात आपली बाजू मांडता येते का, असे तिचे प्रश्न आहेत. म्हणजे ‘येतं’च्या जागी ‘जमतं’. शिकणाऱ्यासाठी ही मोठी सुधारणा होती. मोडकंतोडकं बोलणाऱ्यालाही ती म्हणाली, तुला अमुक इतकं जमतं, याची नोंद आहे.

पण कागद झाला की कागदाचे नियम येतात. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. एकूण १०० पैकी ५० मिळाले आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी नसले, की पास. हे प्रमाणपत्र जन्मभर चालतं. याउलट टीसीएफ या दुसऱ्या अधिकृत चाचणीचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो. भाषा तीच, माणूस तोच. एक कागद म्हणतो, आली ती आली. दुसरा म्हणतो, आली असेल, पण अजून आहे का ते दाखवा. दोन्हींत तथ्य आहे, आणि म्हणूनच एकही कागद पूर्ण खरं सांगत नाही.

आता शिडीचं फाटक कसं झालं तेही बघा. २०१२ पासून फ्रेंच नागरिकत्वासाठी बी-१ पातळीचा पुरावा मागायला लागले, पण फक्त तोंडी. २०२० पासून लेखीही आलं, आणि साठीपुढच्या अर्जदारांना पुराव्यातून मिळणारी सूट गेली. जानेवारी २०२४ च्या कायद्याने पायरी आणखी वर नेली. १ जानेवारी २०२६ पासून नागरिकत्वाला बी-२, दहा वर्षांच्या रहिवासी पत्राला बी-१, आणि अनेक वर्षांच्या परवान्याला ए-२. सरकारने नवागतांना वर्ग दिले हेही खरं. २०१९ पासून ४०० तासांपर्यंत, आणि ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही त्यांना ६०० तासांपर्यंत. पण त्या वर्गांचं उद्दिष्ट ए-१ ठरलेलं होतं. तिथून बी-२ तीन पायऱ्या वर आहे. पहाटे कचेऱ्या झाडणारी बाई वीस वर्षं फ्रेंचमध्ये बाजारहाट करते, मुलांच्या शिक्षकांशी बोलते, शेजारणीशी भांडतेसुद्धा. तिला युक्तिवादाचं पत्र लिहिता आलं नाही, तर तिला फ्रेंच येत नाही असं म्हणायचं का?

आता कुणी म्हणेल, मग जुनी पद्धत बरी होती का? तसं सरसकट म्हणता येणार नाही. ‘परिस्थितीच्या मानाने’ या शब्दांत दया होती, तशी लहरही होती. अधिकाऱ्याला तुमचा उच्चार आवडला नाही, रंग आवडला नाही, तर दाद कुठे मागणार? परीक्षेचा कागद निदान सगळ्यांना एक आहे. गुण दाखवता येतात, पुन्हा बसता येतं. एकाच मापाने मोजणं हा न्याय आहे आणि माणूस पाहून मोजणं हाही न्याय आहे. गंमत म्हणजे ते जुने शब्द फ्रेंच कायद्यात आजही आहेत, आणि त्यांच्या शेजारी बी-२ उभं आहे. पंधरा वर्षं देशात राहिलेल्या सत्तरीपुढच्या निर्वासितांना भाषेची अटच नाही, अशी सवलतही त्याच कायद्यात आहे. म्हणजे भाषा हाच मिसळण्याचा एकमेव पुरावा नव्हे, हे कायद्यालाही ठाऊक आहे.

आमचं म्हणणं एवढंच आहे. या चौकटीला एका प्रश्नाचं उत्तर चांगलं देता येतं: या माणसाला फ्रेंचमध्ये काय काय जमतं? विद्यापीठाने तो प्रश्न विचारावा, रुग्णालयाने नर्सला नेमताना विचारावा. पण ‘हा माणूस आपल्यातला आहे का’ हा दुसरा प्रश्न आहे, आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की घोटाळा होतो. फ्रान्सने १७९४ च्या आपल्या शेतकऱ्यांना हा दुसरा प्रश्न भाषेवरून विचारला नाही. त्यांच्याकडे शाळा पाठवली. बाहेरून आलेल्याकडून ती आधीच शिकून आल्याचा दाखला मागताना हा इतिहास आठवायला हवा. आणि उद्या आपल्या शहरांत ‘मराठी येतं का’ असा प्रश्न निघेल, तेव्हा आपण आधी वर्ग काढणार की आधी दाखला मागणार, हे आपणही ठरवून ठेवलेलं बरं.

आज आम्ही इथे थांबतो. परीक्षेला बसणारे कुणी ऐकत असतील तर त्यांना शुभेच्छा. आता तुमचे प्रश्न घेऊ.