शीर्षकातून गाळलेला एक शब्द

नोव्हेंबर १९३२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा एक कृष्णधवल तुरुंगपट अमेरिकेत प्रदर्शित झाला : ‘आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’. तो ज्या पुस्तकावर आधारलेला होता, त्याच्या नावात आणखी एक शब्द होता, ‘जॉर्जिया’. स्टुडिओने तो गाळला. कथा कोणत्या राज्यात घडते, हे चित्रपटात कोठेही सांगितलेले नाही. प्रेक्षकांना ते सांगावेही लागले नाही.

पुस्तकाचा लेखक रॉबर्ट इलियट बर्न्स हा त्या वेळी खरोखरीचा फरारी होता. पहिल्या महायुद्धातून परतलेला हा सैनिक कामधंद्यावाचून भटकत अटलांटाला पोहोचला आणि १९२२ साली दोन साथीदारांसह एका किराणा दुकानाच्या लुटीत सापडला. लुटीची रक्कम सहा डॉलरसुद्धा नव्हती. शिक्षा मात्र सहा ते दहा वर्षे सक्तमजुरीची झाली, आणि तीही चेन गँगमध्ये.

चेन गँग म्हणजे पायांत बेड्या घालून, साखळदंडाने जखडून कामाला नेलेली कैद्यांची टोळी. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील राज्ये कैदी सरळ खाणमालकांना आणि कंत्राटदारांना भाड्याने देत. जॉर्जियाने ही पद्धत १९०८ साली मोडली. पण कैद्यांच्या फुकट श्रमाची चटक सुटली नव्हती. मोटारींचे युग येत होते, रस्ते हवे होते. मालक बदलला एवढेच : कंत्राटदाराच्या जागी कौंटी आली. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ हा अपवाद ठेवलेला होताच. त्या फटीतून वेठबिगार पुन्हा आत शिरली होती.

बर्न्स काही महिन्यांतच निसटला. एका कृष्णवर्णीय कैद्याने घणाचे नेमके घाव घालून त्याच्या बेड्या वाकवल्या. त्यांतून पाय ओढून काढून त्याने पळ काढला. पुढे शिकागोत त्याने मासिक चालवले, प्रतिष्ठा मिळवली. पत्नीशी बिनसल्यावर तिने त्याचा ठावठिकाणा उघड केला आणि १९२९ मध्ये त्याला अटक झाली. थोड्याच महिन्यांत सुटका होईल, या भरवशावर तो आपण होऊन जॉर्जियाला परतला. भरवसा फोल ठरला. सप्टेंबर १९३० मध्ये तो दुसऱ्यांदा पळाला, न्यू जर्सीत दडून राहिला आणि तेथून त्याने आपली कहाणी लिहिली. ती १९३१ मध्ये एका गुन्हेकथांच्या मासिकात क्रमशः आली, पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने.

वॉर्नर ब्रदर्सचा हात त्या काळी गुन्हेपटांवर चांगलाच बसलेला होता. ‘लिटल सीझर’ हा त्यांचा गाजलेला गँगस्टरपट मर्विन लरॉय यांनी दिग्दर्शित केलेला. बर्न्सची कथाही त्यांच्याकडेच आली. नायक पॉल म्युनी, ज्याचा ‘स्कारफेस’ त्याच वर्षी पडद्यावर आलेला होता. गँगस्टरपटांत गुन्हेगार कायद्याला आव्हान देतो आणि अखेर गोळी खाऊन पडतो. प्रेक्षक थरारतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. येथे ती सोय ठेवलेली नव्हती. येथे दगा देणारे खुद्द सरकार होते.

सल्ल्यासाठी स्टुडिओने बर्न्सला खोट्या नावाने कॅलिफोर्नियात आणले. म्युनीने त्याच्याबरोबर बसून त्याचे चालणे-बोलणे न्याहाळले. पकडले जाण्याच्या धास्तीने बर्न्स मात्र तेथे फार काळ टिकला नाही. चित्रपटातील एक प्रसंग विसरणे कठीण आहे. उपाशी नायक आपले युद्धपदक विकायला गहाणवटीच्या दुकानात जातो, तर दुकानदार मुकाट्याने तसल्याच पदकांनी भरलेली पेटी पुढे करतो. महामंदीच्या ऐन कडाक्यात तो प्रसंग पाहणाऱ्यांना वेगळे भाष्य नको होते. शेवटही तसाच : दुसऱ्यांदा पळालेला नायक प्रेयसीला क्षणभर भेटतो, पोटासाठी चोरी करत असल्याची कबुली देतो आणि अंधारात नाहीसा होतो.

चित्रपटाला ऑस्करची तीन नामांकने मिळाली. जॉर्जियातील तुरुंग-अधिकाऱ्यांनी स्टुडिओवर बदनामीचे दावे लावले. नाव गाळलेले असूनही ते दावे लावतात, याहून स्पष्ट ओळख कोणती? डिसेंबर १९३२ मध्ये न्यू जर्सीत बर्न्स पकडला गेला. जॉर्जियाने त्याचा ताबा मागितला. परंतु गव्हर्नर ए. हॅरी मूर यांनी जाहीर सुनावणी घेऊन तो नाकारला. पडद्यावरच्या कहाणीने उठवलेले लोकमत त्या दिवशी बर्न्सच्या पाठीशी होते.

मात्र चित्रपटाने आणखी एक गोष्ट जवळजवळ गाळली होती, आणि ती राज्याच्या नावापेक्षा मोठी होती. दक्षिणेतील चेन गँगमध्ये बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय होते. पडद्यावर ते दिसतात, पण पार्श्वभूमीला. अपवाद सेबॅस्टियनचा : नायकाच्या बेड्यांवर घण घालणारा तो कैदी. बेड्या वाकतात, नायक पळतो, सेबॅस्टियन मागेच राहतो. त्याचे पुढे काय झाले, हे कथा विचारीत नाही. गोऱ्या सैनिकावरील अन्यायाने जो देश हळहळला, तो काळ्या मजुरासाठी तितका हळहळला असता का, ही शंका रास्त आहे. सेबॅस्टियनची भूमिका करणारा एव्हरेट ब्राउन सात वर्षांनी ‘गॉन विथ द विंड’मध्ये दिसला. कथा पुन्हा जॉर्जियाची आणि या वेळी नाव उघड. त्याच्या वाट्याला आला तो बिग सॅम, मालकिणीशी एकनिष्ठ राहणारा सेवक.

साखळदंड सुटायला आणखी दशकभर लागले. १९४३ साली जॉर्जियाचे गव्हर्नर झालेले एलिस अर्नॉल यांनी तुरुंगसुधारणा हाती घेऊन चेन गँगची पद्धत मोडीत काढली. १९४५ मध्ये बर्न्स पुन्हा एकदा आपण होऊन अटलांटाला गेला. या वेळी क्षमादान मंडळापुढे त्याची बाजू मांडायला स्वतः गव्हर्नर उभे होते. बर्न्सने गुन्हा कबूल केलेला असल्याने त्याला पूर्ण माफी मिळाली नाही. भोगलेली शिक्षा पुरेशी मानून मंडळाने त्याला मोकळे केले. तेवीस वर्षांचे फरारीपण संपले. १९५५ मध्ये न्यू जर्सीत तो वारला.