दृक्‌श्राव्य शिक्षण, महाराष्ट्रातील

ध्वनिक्षेपण, चित्रपट, दूरचित्रवाणी, संगणक इ. साधनांचा अध्यापनात केलेला उपयोग, तसेच या साधनांतून जे मिळते ते पारखून घेण्याची विद्यार्थ्यास दिलेली दृष्टी, या दोहोंचा अंतर्भाव या विषयात होतो. महाराष्ट्रात पहिल्या अंगाकडे जेवढे लक्ष पुरविले गेले, तेवढे दुसऱ्याकडे पुरविले गेले नाही.

वस्तुतः दुसऱ्या अंगाचा पाया लवकर घातला गेला होता. मात्र तो मुलांसाठी नव्हे, तर शेतकऱ्यांसाठी. १९५६ मध्ये यूनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणी केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची व शंका केंद्राकडे कळवावयाच्या, अशी ही योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली तिची पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात पुष्कळच अधिक भर पडल्याचे तीत आढळून आले. साधनापेक्षा त्यामागील चर्चा महत्त्वाची, हा या प्रयोगाचा निष्कर्ष शालेय शिक्षणात मात्र फारसा उतरला नाही. १९६३ मध्ये सांगली येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले व तेथून सु. २५ किमी. वर असलेल्या तासगावच्या परिसरास जवळचे ध्वनिक्षेपण लाभले.

उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा १९७५–७६ मधील प्रयोग सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत झाला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह सोडण्यात आल्यानंतर ही उणीव भरून निघाली. शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुणे येथे २७ जानेवारी १९८४ रोजी ‘बालचित्रवाणी’ ही राज्य संस्था स्थापन झाली. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी तिने तयार केलेले मराठी कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रक्षेपित होत आणि एका पिढीच्या ते चांगलेच स्मरणात आहेत. तथापि प्रक्षेपणाची ठराविक वेळ व शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ बसणे अवघड होते. खेड्यांतील शाळांत संच असला तरी वीज असेलच, असे नसे. शिवाय एकदा पाहिलेला कार्यक्रम थांबवून प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. पुढे खाजगी वाहिन्या व महाजाल यांचा प्रसार झाला. अनुदानाचा प्रश्नही बिकट होत गेला. २०१७ मध्ये संस्था बंद करण्यात आली.

वेळेची अडचण दूर केली ती पाठ्यपुस्तकावर छापलेल्या चौकोनी क्यूआर संकेताने. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत असे संकेत घालून कवितांचे ध्वनिमुद्रण व चित्रफिती मुलांना उपलब्ध करून दिल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी करोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मालिका सुरू झाली. दुसरीकडे पाठांसाठी घरोघर मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आला. शाळा उघडल्या, तरी तो हातातून सुटेना.

याची दखल सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) या गावाने घेतली. महिलांच्या ग्रामसभेत ठराव होऊन १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजू लागला व दूरचित्रवाणी संच आणि भ्रमणध्वनी बंद ठेवण्यात येऊ लागले. आरंभी हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व शिक्षक घरोघर फिरत. बंदीचा काळ प्रथम अर्ध्या तासाचा होता, तो पुढे दीड तासाचा झाला. या अवधीत मुलांनी अभ्यास व वाचन आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलणे अपेक्षित होते. या उपक्रमाची दखल देशाबाहेरील वृत्तसंस्थांनीही घेतली. निवडून पाहणे शिकविण्याऐवजी तो पाहणेच थांबवितो, हा त्यावरील आक्षेप गैरलागू नाही; परंतु ठराव शाळेचा नसून गावाचा होता आणि तो मोठ्यांनाही लागू होता. साडेआठला दुसरा भोंगा वाजल्यावर संच पुन्हा सुरू होत.