एक हजार खडे आणि ७६ वर्षांचे सरन्यायाधीश

ऑक्टोबर १८३१. फिलाडेल्फिया शहरातील एका खोलीत ७६ वर्षांचे एक गृहस्थ पोटभर न्याहारी करीत बसले होते. अकरा वाजता त्यांच्या मूत्राशयावर शस्त्रक्रिया व्हायची होती. ईथरची भूल देऊन केलेली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया अजून १५ वर्षे दूर होती. जखमेत जंतू शिरतात आणि ते रोखता येतात, हा लिस्टरचा विचार तर १८६७ मध्ये मांडला जायचा होता. हे गृहस्थ म्हणजे जॉन मार्शल, १८०१ पासून अमेरिकेचे सरन्यायाधीश. न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या संदर्भात आपल्याकडचे विद्यार्थीही १८०३ चा ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ हा खटला शिकतात. त्याचा निकाल लिहिणारे तेच मार्शल.

आज ‘मुतखडा’ म्हटले की मूत्रपिंडातील खडा डोळ्यांसमोर येतो. त्या काळात मूत्रपिंड उघडून खडा काढणे कोणाच्या आवाक्यात नव्हते; लंडनच्या हेन्री मॉरिस यांनी ते साधले १८८० मध्ये. शस्त्रवैद्याचा हात पोहोचे तो मूत्राशयातील खड्यापर्यंत. वृद्ध पुरुषांत हा खडा विशेष आढळे, कारण वयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी वाढते, मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही आणि साचलेल्या लघवीत क्षार धरू लागतात. कधी एकच मोठा खडा होई, कधी लहान लहान खड्यांची रास. मार्शल यांच्या वाट्याला दुसरा प्रकार आला होता.

मार्शल मूळचे धट्टेकट्टे. लांब फेऱ्या मारणे, रिचमंडमध्ये मित्रांबरोबर कड्या फेकण्याचा खेळ खेळणे हा त्यांचा जुना शिरस्ता. १८३१ मध्ये मात्र वेदनांनी त्यांना जेरीस आणले. त्याच वर्षी मित्र आणि सहन्यायाधीश जोसेफ स्टोरी यांना लिहिलेल्या पत्रांत राजीनाम्याचा विचार डोकावतो. त्यामागे शरीर होते तसे राजकारणही होते. राष्ट्राध्यक्षपदी अँड्र्यू जॅक्सन होते आणि मार्शल पायउतार झाले असते तर उत्तराधिकारी जॅक्सन यांनीच नेमला असता. मार्शल यांना ते नको होते. १८३२ च्या निवडणुकीत जॅक्सन हरतील, तोवर तग धरावा, अशी त्यांची आशा होती.

शस्त्रक्रिया न करता दिवस काढणे हाही एक मार्ग होता, आणि त्याचे उदाहरण याच शहरातले होते. बेंजामिन फ्रँकलिन यांना पॅरिसमध्ये असताना मूत्राशयातील खड्याने गाठले. आपल्या वयाला ही शस्त्रक्रिया झेपणार नाही असे ठरवून त्यांनी चाकू टाळला. १८८५ नव्हे, १७८५ चा तो काळ. घोडागाडीचे हादरे सोसवत नसल्याने मायदेशी परतताना ते खेचरांनी वाहिलेल्या शाही डोलीतून बंदरापर्यंत गेले. अखेरच्या काळात अफूचा अर्क हाच त्यांचा आधार होता. १७९० मध्ये, ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. या शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण युरोपातील नोंदींनुसार ढोबळमानाने पाचांत एक असे होते, आणि वयाबरोबर धोका वाढतच जाई.

हा पेच फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातवा अध्याय अश्मरीवर, म्हणजे मुतखड्यावर आहे. शस्त्रकर्म केले नाही तर मृत्यू निश्चित, केले तर निदान शंकेला जागा. म्हणून धन्याची अनुमती घेऊनच वैद्याने हात घालावा, असा त्यातील सल्ल्याचा आशय आहे. अनुमती घेण्यामागे वैद्याने स्वतःला सांभाळण्याचाही भाग असावा, हे उघड आहे.

मार्शल यांनी ज्यांच्यापुढे स्वतःला ठेवले ते डॉ. फिलिप सिंग फिझिक तेव्हा ६३ वर्षांचे होते. लंडनमध्ये जॉन हंटर यांच्या हाताखाली शिकलेले, अमेरिकन शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ओळखले जाणारे. पण त्यांचाही बहराचा काळ सरला होता. शस्त्रक्रियेचे अध्यापन त्यांनी १८१९ मध्येच सोडले होते. उतारवयातील रुग्ण आणि उतारवयातील शस्त्रवैद्य अशी ही जोडी. सहायक होते फिझिक यांचे जावई डॉ. जेकब रँडॉल्फ.

शस्त्रक्रियेची रीत अशी. रुग्णाला पाठीवर निजवून गुडघे दुमडायचे, हात पायांशी बांधायचे आणि सहायकांनी त्याला घट्ट धरायचे. ही स्थिती आजही शस्त्रक्रियागृहात ‘लिथोटॉमी पोझिशन’ या नावानेच ओळखली जाते. बाळंतपणासाठी ती वापरताना हे नाव खडे फोडण्या-काढण्यावरून आले, हे सहसा कोणाला आठवत नाही. मूत्रमार्गातून खाच असलेली धातूची सळई आत सरकवायची. गुदद्वार आणि वृषण यांच्यामधल्या भागात डाव्या बाजूने छेद घ्यायचा, सळईच्या खाचेवरून पाते मूत्राशयात न्यायचे, आणि मग चिमट्याने खडा पकडून बाहेर ओढायचा. खडा एकच असेल तर निष्णात हात काही मिनिटांत मोकळा होई. भुलेविना रुग्णाला सोसवेल असा वेळ तेवढाच, म्हणून शस्त्रवैद्याची कीर्तीच वेगावर ठरे.

मार्शल यांच्या बाबतीत हा वेग निरुपयोगी होता. त्यांच्या मूत्राशयातून एक हजाराहून अधिक खडे निघाले. म्हणजे उघड्या जखमेतून पुन्हा पुन्हा हत्यार आत घालणे, चाचपणे, बाहेर काढणे. जागेपणी.

या दिवसाची हकिगत रँडॉल्फ यांनी लिहून ठेवली आहे. सकाळी ते तयारीसाठी खोलीत आले तेव्हा मार्शल यांनी हसून सांगितले की ही कदाचित शेवटची न्याहारी ठरेल, म्हणून ती मनसोक्त खाल्ली. या वेदनेसह जगण्याची आपल्याला मुळीच इच्छा नाही; धोका मोठा आहे हे ठाऊक आहे; सुटका झाली तर उरलेले आयुष्य आनंदाने जगू, नाही तर मरण बरे, असेही ते म्हणाले. मग औषध घेतले, वेळ विचारली, आणि तोवर झोपलो तर चालेल का, अशी पृच्छा केली. ते इतके गाढ झोपले की शस्त्रक्रियेसाठी त्यांना उठवावे लागले. शस्त्रक्रिया चालू असताना त्यांच्या तोंडून जवळजवळ हूं की चूं निघाले नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे सावध व्हावे. ही हकिगत १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली, ती फिझिक यांच्या चरित्रपर स्मृतिलेखात. तोवर मार्शल आणि फिझिक दोघेही हयात नव्हते, आणि लेखक जावई होता. थोर रुग्ण, थोर शस्त्रवैद्य, धीरोदात्त प्रसंग असा साचा त्यात सरळ दिसतो. तरीही न्याहारीचा आणि झोपेची परवानगी मागण्याचा तपशील मुद्दाम रचलेला वाटत नाही. गौरवासाठी रचायचे असते तर रँडॉल्फ यांनी सरन्यायाधीशांच्या तोंडी एखादे भारदस्त वाक्य घातले असते. शिवाय वेदनेपेक्षा मरण पत्करले हा विचार शौर्यापेक्षा हिशेबाचा आहे, आणि आयुष्यभर युक्तिवाद तोलणाऱ्या माणसाला तो शोभतो.

बरे होण्यास काही आठवडे गेले. अंथरुणातून उठून लेखणी धरता येऊ लागताच, नोव्हेंबरच्या आरंभी, मार्शल यांनी रिचमंडला पत्नी पॉली यांना पत्र लिहिले. पॉली स्वतः दीर्घकाळ आजारी होत्या. मुक्काम लांबल्याने खर्च वाढला असेल, म्हणून त्यांनी पतीला पैसे उसने देऊ केले होते! मार्शल यांनी आभार मानून, बहुधा लागणार नाहीत, पण आताच नक्की सांगता येत नाही, असे कळवले. ते घरी परतले. पण त्याच वर्षी, नाताळच्या दिवशी, पॉली यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेतून वाचलेल्या वृद्धाच्या पदरी पडलेले पहिले मोठे दुःख ते हे.

३ मार्च १८३२ रोजी मार्शल यांनी ‘वूस्टर विरुद्ध जॉर्जिया’ या खटल्याचा निकाल वाचला. चेरोकी लोकांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत, असे त्यात बजावले होते. आदल्याच वर्षी, चेरोकींच्या दुसऱ्या खटल्यात, त्याच न्यायालयाने अधिकारक्षेत्राअभावी हात वर केले होते आणि तो निकालही मार्शल यांचाच होता. आता निकाल ५ विरुद्ध १ असा लागला. त्यामुळे मार्शल नसते तर तो उलटा लागला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र त्याची मांडणी मार्शल यांची आहे आणि अमेरिकेतील मूळनिवासी जमातींच्या स्वायत्ततेविषयीच्या कायद्यात तिचा आधार आजही घेतला जातो. मार्शलने निकाल दिला, आता त्यानेच तो अमलात आणावा, हे जॅक्सन यांच्या नावावर खपणारे वाक्य होरेस ग्रीली यांनी १८६४ मध्ये छापले. जॅक्सन तसे बोलल्याचा समकालीन पुरावा नाही. जॉर्जियाने निकाल जुमानला नाही हे मात्र खरे. १८३८ मध्ये चेरोकींना बळाने हुसकावण्यात आले आणि त्या वाटेवर हजारो माणसे मेली.

वृद्धांसाठी चाकूला पर्याय तोवर पॅरिसमध्ये जन्मला होता. १८२४ मध्ये झाँ सिव्हियाल यांनी छेद न घेता, मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा आतच फोडला. पुढे फिलाडेल्फियात ही पद्धत चालवून नाव कमावणाऱ्यांत रँडॉल्फ होते. १८६३ मध्ये बेल्जियमचे वृद्ध राजे लिओपोल्ड पहिले यांना हेन्री थॉम्प्सन यांनी याच मार्गाने बरे केले. त्याच थॉम्प्सन यांच्या उपचारांदरम्यान, क्लोरोफॉर्मची भूल असूनही, १८७३ मध्ये तिसरा नेपोलियन ६४ व्या वर्षी दगावला.

मार्शल यांचा निवडणुकीचा अंदाज चुकला. जॅक्सन १८३२ मध्ये पुन्हा निवडून आले. मार्शल यांनी पद सोडले नाही. १८३३ चा ‘बॅरन विरुद्ध बाल्टिमोर’ हा महत्त्वाचा निकालही त्यांनीच लिहिला. १८३५ च्या उन्हाळ्यात ते उपचारांसाठी पुन्हा फिलाडेल्फियाला आले. या वेळी दुखणे यकृताचे होते. ६ जुलै रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. डिसेंबरमध्ये जॅक्सन यांनी त्यांच्या जागी रॉजर टॉनी यांचे नाव सुचवले आणि मार्च १८३६ मध्ये सिनेटने ते मंजूर केले. कृष्णवर्णीयांना अमेरिकेचे नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ‘ड्रेड स्कॉट’ निकाल याच टॉनींचा.