नावाचा प्रश्न : तुर्की आधुनिकता आणि स्त्री

१८९० मध्ये जॉर्ज ओने या फ्रेंच लेखकाच्या एका कादंबरीचा तुर्की अनुवाद प्रसिद्ध झाला. अनुवादकाच्या जागी 'एक स्त्री' एवढेच छापलेले होते. ही स्त्री म्हणजे फातमा आलिये. ऑटोमन साम्राज्यातील इतिहासकार व कायदेपंडित अहमत जेवदेत पाशा यांची कन्या. पुढे अहमत मिथत या ख्यातनाम लेखकाबरोबर तिने एक कादंबरी लिहिली, तेव्हाही त्याचे नाव छापले गेले आणि तिच्या वाट्याला पुन्हा 'एक स्त्री' हीच ओळख आली. १८९२ च्या 'मुहादरात' या कादंबरीवर मात्र तिने स्वतःचे नाव घातले. तुर्की स्त्रीच्या आधुनिकतेचा इतिहास बहुधा बुरखा ते मताधिकार असा सरळ रेषेत सांगितला जातो. तो नावाच्या अंगाने वाचला, तर ही रेषा तितकीशी सरळ राहत नाही.

१८३९ मध्ये सुरू झालेल्या तंझिमात सुधारणांबरोबर तुर्की कादंबरी उदयास आली. या कादंबऱ्यांतील नायक बहुधा पितृहीन असतात आणि लेखक स्वतःच पित्याची भूमिका घेऊन त्यांना मार्ग दाखवतो, असे जाले पारला या समीक्षिकेने १९९० मध्ये दाखवून दिले. या पितृसुलभ संहितेत स्त्रीशिक्षण, दासीप्रथा, लादलेले विवाह यांची चर्चा भरपूर आहे. परंतु स्त्री तेथे चर्चेचा विषय आहे, चर्चेची कर्ती नाही. फातमा आलियेच्या सहीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते.

हालिदे एदिब (१८८४–१९६४) हिच्या नावांचा क्रम अधिक बोलका आहे. आरंभीचे लेखन तिने पतीचे नाव जोडून 'हालिदे सालिह' या नावाने केले. पतीने दुसरी पत्नी करण्याचे ठरवताच १९१० मध्ये तिने घटस्फोट घेतला आणि पित्याचे नाव लावले. १९१९ मध्ये इस्तंबूलच्या सुल्तानअहमत चौकात परकीय आक्रमणाविरुद्ध भाषण करणारी आणि १९३५ मध्ये दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात तुर्कस्तानातील पूर्व-पश्चिम संघर्षावर व्याख्याने देणारी हालिदे एदिब ती हीच. तुर्की वाङ्मयेतिहासात आज ती 'अदिवार' या, दुसऱ्या पतीबरोबरच्या, आडनावाने ओळखली जाते. एवढ्या स्वतंत्र बाण्याच्या लेखिकेचे नावही पती, पिता आणि पुन्हा पती यांच्याच आधाराने उभे राहिले.

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाने १९२६ मध्ये स्विस कायद्याच्या धर्तीवर नागरी संहिता स्वीकारली. बहुपत्नीत्व संपले, घटस्फोटाचा व वारशाचा समान हक्क आला. या लाभाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच संहितेने पतीला कुटुंबप्रमुख ठरवले आणि पत्नीला नोकरीसाठी त्याची संमती आवश्यक केली. १९३४ च्या आडनाव कायद्याने कुटुंबाचे आडनाव निवडण्याचा अधिकारही पतीलाच दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुस्तफा केमाल यांना 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा पिता, हे नाव मिळाले आणि डिसेंबरात स्त्रियांना संसदीय मताधिकार लाभला. या घटना एकाच रचनेतील आहेत. पित्याने कन्येला सार्वजनिक जीवनात आणले आणि तिचे नावही त्यानेच ठेवले. अतातुर्क यांची मानसकन्या साबिहा हिला त्यांनी आकाशाशी नाते सांगणारे 'ग्योकचेन' हे आडनाव दिले, तेव्हा ती वैमानिक झालेलीही नव्हती.

स्वतःहून बोलणाऱ्या स्त्रीला मात्र या रचनेत जागा मिळणे कठीण होते. नेझिहे मुहिद्दिन हिने १९२३ मध्ये स्थापन केलेल्या स्त्रियांच्या राजकीय पक्षाला अनुमती मिळाली नाही. त्यातून १९२४ मध्ये उभी राहिलेली तुर्की महिला संघटना १९३५ मध्ये, हक्क मिळाले म्हणजे कार्य संपले या भूमिकेवरून, विसर्जित झाली. स्त्रीपुरुष समता ही प्राचीन तुर्कांचीच परंपरा होय, असे झिया ग्योकाल्प यांनी आधीच प्रतिपादन केले होते. समता राष्ट्राच्या स्वभावातच आहे असे एकदा मानले, की तिच्यासाठी वेगळा लढा अनावश्यक ठरतो.

या रचनेची चिकित्सा आधी कादंबरीने केली. आदालेत आआओलू यांच्या १९७३ च्या 'ओल्मेये यात्माक' या कादंबरीत प्रजासत्ताकाची आदर्श कन्या, विद्यापीठातील अध्यापिका आयसेल, अंकाराच्या एका हॉटेलात मरणासाठी पडून राहते आणि आपल्या घडणीचा हिशेब मांडते. १९८७ मध्ये दुइगु आसेना यांनी आपल्या कादंबरीला 'स्त्रीला नाव नाही' या अर्थाचे शीर्षक दिले. हक्क मिळूनही मुक्ती दूर राहिल्याचे विवेचन डेनिझ कांदियोती यांनी केले, तेही त्याच वर्षी.

त्यानंतर संहितेतील एकेक बंधन गळत गेले. नोकरीसाठी पतीच्या संमतीची अट १९९० मध्ये घटना न्यायालयाने रद्द केली. १९९७ मध्ये पत्नीला पतीच्या आडनावाआधी स्वतःचे आडनाव जोडण्याची मुभा मिळाली. २००२ मध्ये पतीचे कुटुंबप्रमुखपद गेले. केवळ माहेरचे आडनाव लावू न देणे हा भेदभाव आहे, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये दिला. तरीही पतीच्या आडनावाची सक्ती करणारे कलम तुर्की घटना न्यायालयाने रद्द केले ते २०२३ मध्ये. म्हणजे 'मुहादरात'नंतर १३१ वर्षांनी आणि मताधिकारानंतर ८९ वर्षांनी. मत देण्याचा हक्क राष्ट्राने स्त्रीला तुलनेने लवकर दिला. स्वतःच्या नावाने सही करण्याचा हक्क तिला खटले लढून मिळवावा लागला.