पहिली होडी कुठली?

गेले तीन रविवार आमच्या आकुर्डीच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाहीये. तिथे नकाशा पसरलाय. बेत असा आहे: अण्णांची १९९४ची चेतक घ्यायची आणि इटलीतल्या पोंतेदेराला जायचं. पोंतेदेराच का, तर तिथे १९४६ साली पहिली व्हेस्पा बनली. त्याच व्हेस्पाचं लायसन्स घेऊन बजाजने १९६१च्या सुमारास आमच्या आकुर्डीत स्कूटरी बनवायला घेतल्या. १९७१ला करार संपला, १९७२ला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून चेतक आली. म्हणजे पोंतेदेरा हे चेतकचं आजोळच की! तर तिला एकदा आजोळी न्यायचं, एवढीच आमची कल्पना.

आता कल्पना सुचायला काय जातं? नकाशा उघडल्यावर कळतं. आमचा वाल्हेकरवाडीचा मित्र हिशोबी माणूस. त्याने पहिल्याच रविवारी लाल पेनाने फुल्या मारायला सुरुवात केली. पाकिस्तानातून रस्ता नाही. अटारीचं नाकं २०२५च्या एप्रिलमध्ये बंद झालं, आणि त्याआधी तरी आपल्या नंबरप्लेटची स्कूटर कोण सोडत होतं? नेपाळमार्गे चीन म्हणजे सोबत तिथला गाईड, तिथला परवाना आणि खिशाला भगदाड. मग उरलं पाणी. न्हावाशेव्याहून आखातापर्यंत स्कूटर खोक्यात घालून पाठवायची, मग आखात ओलांडून इराण, इराणातून तुर्कस्तान, तिथे दार्दानेल्सची सामुद्रधुनी, पुढे ग्रीसच्या इगुमेनित्साहून रात्रीच्या फेरीने इटलीत बारी किंवा ब्रिंदिसी. आखातातलं वारं कधी फिरेल त्याचा नेम नाही, म्हणून त्या तुकड्यावर त्याने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. सगळं मांडून झाल्यावर तो म्हणाला, "अरे, ही रोड ट्रिप आहे की बोटीची सहल? त्यापेक्षा सरळ ग्रीसपर्यंत कंटेनर लावू."

मला ते लागलं. रागात मी जुन्या प्रवासांची माहिती काढत बसलो, त्याला खोटं पाडायला. आणि झालं उलटंच. तो प्रवास कधीच नुसता रस्त्याचा नव्हता!

अगदी आपल्या दारापासून बघा. आकुर्डीवरून जातो तो जुना मुंबई-पुणे रस्ता. तो मुंबईत सुरू होतो असं आपण म्हणतो, पण दोनशे वर्षांपूर्वी तो सुरू व्हायचा पाण्यात. मुंबईकर होडीत बसून भरतीच्या वेळा सांभाळत पनवेलला उतरायचा, तिथून खोपोली, मग बोरघाट. गाड्या चढतील असा घाटरस्ता १८३०मध्ये झाला, गव्हर्नर माल्कमच्या काळात. त्याच वर्षीचा अमृतांजनचा पूल आपण सगळ्यांनी पाहिलेला. २०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा मिळाला तेव्हा तो पाडला. (मला अजून त्या वळणावर मान वर करायची सवय आहे.) म्हणजे आमच्या दारातल्या रस्त्याचा पहिला टप्पाच होडीचा होता.

पुढचं टोक ब्रिंदिसी. मित्राने किमती बघत सहज लिहिलेलं नाव. १८७० नंतर कितीतरी वर्षं हिंदुस्थानची टपाल ह्याच बंदरातून यायची. लंडनहून आगगाडीने इटलीच्या टाचेपर्यंत, तिथून बोटीने सुवेझमार्गे मुंबई. व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या कादंबरीतला फॉगसुद्धा ब्रिंदिसीवरूनच मुंबईला येतो. आम्ही 'नवा' म्हणून शोधलेला मार्ग टपालवाल्यांनी घासून गुळगुळीत केलेला होता.

माणसांचं म्हणाल तर १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. व्यायामशाळेतली पोरं. पंजाब, बलुचिस्तान, इराण, मेसोपोटेमियाचं वाळवंट असं करत, आणि जमीन संपेल तिथे बोटीत सायकली चढवत. १९२८च्या मार्चमध्ये तिघे परत आले: अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा. त्यांच्या पुस्तकाला नेहरूंची प्रस्तावना आहे. ह्या तिघांवर कोणी 'हे तर बोटीने गेले' असा आरोप केल्याचं माझ्या वाचनात नाही. मित्राला हे ऐकवलं. तो म्हणाला, "त्यांना कार्नेट लागत नव्हतं."

कार्नेट. ह्या एका शब्दाने आमचे दोन रविवार खाल्ले. सायकल आणि स्कूटर ह्यात फरक असा, की स्कूटर परदेशात नेऊन गुपचूप विकता येते, आणि कस्टमवाल्यांना जगभर हीच भीती. म्हणून गाडीचाच एक पासपोर्ट असतो. आपल्याकडे तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो, मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना एक फाडून घेतात, निघताना दुसरा, आणि तिसरा पुस्तकालाच राहतो, दोन्ही शिक्क्यांसकट. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या लेखी गाडी तिथेच विकली गेली! मग हमीची रक्कम गेली. ही हमी काही देशांसाठी गाडीच्या किमतीहूनही जास्त असते. रस्त्यावरच्या नाक्यावर विसरलं तर मागे वळता येतं, पण फेरी सुटल्यावर आठवलं तर? म्हणून बेत आखताना खरी काळजी घाटाची किंवा पंक्चरची नसते, धक्क्यावरच्या त्या तासाभराची असते. तिकिटाची खिडकी एकीकडे, कस्टमची दुसरीकडे, आणि भोंगा वाजतोय.

बोस्फोरसची गंमत मात्र सांगायलाच हवी. इस्तंबूलमध्ये गाड्या चढवायच्या वाफेच्या फेऱ्या १८७२पासून आहेत. पहिलीचं नाव सुहूलत. तिला पुढे-मागे असं नव्हतंच, दोन्हीकडून चढा-उतरायची सोय, आपल्या दाभोळच्या जेटीवर दिसते तशी. बोस्फोरसवरचा पहिला पूल झाला ३० ऑक्टोबर १९७३ला. म्हणजे १५ एप्रिल १९५७ला लंडनहून निघून ५ जूनला कलकत्त्याला पोचलेली ती प्रसिद्ध बस, इंडियामन, तीही दोनदा बोटीवर चढली असणार: एकदा इंग्लिश खाडीत, एकदा इथे. आणि दार्दानेल्सवर तर पूल २०२२च्या मार्चमध्ये झाला. आता तिथे होडीची गरज नाही. (आम्ही तरी होडीनेच जाणार. ह्यावर मतदान झालंय.)

इथवर मी मजेत होतो. मग अण्णा बोलले.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे. ते कारखान्यात लागले तेव्हा स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळे, बाकीचे यादीत. ते सांगत होते, पाळी सुटून गेटबाहेर आलं की रस्त्यावरून कधीमधी एखादी रंगवलेली फोक्सवॅगन जायची. आत केसाळ गोरी मंडळी, टपावर ट्रंका, मागे परदेशी नंबर. ज्यांना गोव्याला बोटीने जायचं नव्हतं त्यांना हाच रस्ता सोयीचा, पुणे-कोल्हापूरवरून. अण्णा आणि त्यांचे दोन सोबती एकदा अशा गाडीपाशी थांबले. गाडी तापली होती, पाणी हवं होतं. पाणी दिलं. कुठून आलात विचारलं तर तो पोरगा म्हणाला, म्युनिक. किती दिवस? दोन महिने. अण्णा म्हणतात, "मला वाटलं हा थापा मारतोय. मग मागची माती बघितली."

ते सगळं १९७९मध्ये संपलं. वर्षाच्या सुरुवातीला इराणात क्रांती, शेवटी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा. म्हणजे युरोपपासून इथपर्यंतचा रस्ता जेमतेम पंचवीस वर्षं सरळ उघडा होता. आणि नेमक्या त्या काळात इथल्या माणसाला निघायची सोय नव्हती. पासपोर्ट मिळवणं हेच एक काम, वर पी फॉर्म, आणि साठच्या दशकात हातात मिळणार ८ डॉलर. आठ! स्कूटर बनवणारे हात इथे, रस्ता दारातून गेलेला, तो उघडा असल्याचा पुरावा चिखलाने माखून समोर उभा, आणि ह्यांनी त्याला बादलीभर पाणी देऊन पाळीवरून घरी जायचं. आज पैसे आहेत, पासपोर्ट आहे, तर रस्ता नाही. मला हे फार बोचलं. अण्णांना बोचलं नसावं, ते चहात बिस्किट बुडवत होते.

चाकणला बनलेल्या केटीएमवरून मुंबईचा एक मराठी तरुण २०२५मध्ये लंडनपर्यंत गेलाच. पुढे नॉटिंगहॅमला त्याची मोटारसायकल चोरीला गेली, हेही खरं. ते वाचून मित्राने यादीत साखळी-कुलूप लिहिलं.

असो. तर सध्याचा बेत. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दुसरा मुक्काम आमच्या आकुर्डीत, विठ्ठलमंदिरात करते. पंढरी लांब, पण सुरुवातीची चाल अशी बेताची. राहिलेल्या वस्तू घरून आणता येतात, कोण दमतंय ते कळतं. आम्हीही तसंच करणार. कार्नेटचा अर्ज भरायच्या आधी एक रंगीत तालीम: आकुर्डी, लोणावळा, खोपोली जुन्या रस्त्याने (एक्स्प्रेसवेवर स्कूटरला बंदीच आहे), मग पेण, अलिबाग, मांडवा, आणि तिथून २०२०साली सुरू झालेल्या रो-रोवर चेतक चढवून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर. स्कूटर उतारावरून बोटीत कशी जाते, दोरीने बांधायची का, पाण्यावर तासभर उभी राहिल्यावर पहिल्या किकमध्ये सुरू होते का, तिरकी करावी लागते का... हे सगळं म्युनिकच्या पोराला विचारायचं राहिलं होतं.

अण्णा मागे बसणार म्हणतात. आईचा विरोध आहे. काल रात्री ते नकाशावर भिंग घेऊन बसले होते. मांडव्यावर बोट ठेवून मला विचारलं, "स्कूटरचं तिकीट वेगळं पडतं का रे?"